मार्चला भीक घालायची नाही

मार्च उजाडला की लेस्टरहून सुधीरदादाचा फोन येतो. परवाही आला. मी नुकतीच राउंड संपवून घरी आले होते, एका पायातला बूट निघाला होता, दुसरा निघत नव्हता, आणि फोनवर दादा.

“वैशू, तुमच्याकडे बर्फाची अँबर वॉर्निंग आहे. बघितलीस का?”

“वॉर्निंग कशाला बघू? खिडकी आहे घराला.”

“चेष्टा नको. हे काय वय आहे का डोंगरात एकटं राहायचं? इकडे ये. नर्सेसचा एवढा शॉर्टेज आहे, उद्या जॉब मिळेल. बेलग्रेव्ह रोडवर सगळं मिळतं, कढीपत्तासुद्धा फ्रेश. आणि मेन म्हणजे आपली माणसं आहेत इथे.”

सुधीरदादा माझा मामेभाऊ. त्याच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. या देशात आले तेव्हा सहा महिने त्याच्याच घरी राहिले, वहिनीच्या हातचं जेवले. पण कढीपत्त्याच्या बदल्यात डोंगर द्यायला मी तयार नाही, हे त्याला चौदा वर्षांत पटलेलं नाही. हट्टी आहेस, म्हणतो. आहेच. बार्शीची आहे.

मी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, केर्नगॉर्मच्या एका दरीत कम्युनिटी नर्स आहे. म्हणजे दवाखान्यात बसायचं नाही, गाडी घेऊन घरोघर जायचं. कुणाची जखम बांधायची, कुणाला इन्सुलिन, कुणाच्या शेवटच्या दिवसांत सोबत. दरीत एकच रस्ता. तो खालच्या गावातून निघतो आणि सात मैलांवर डोंगराला टेकून संपतो. हॉस्पिटल चाळीस मैलांवर.

इथला मार्च मोठा लबाड. फेब्रुवारी निदान तोंडावर वाईट असतो. मार्चमध्ये आधी चार दिवस ऊन पडतं, ओढ्याकाठी स्नोड्रॉपची फुलं असतात, लोक दारातल्या बाकावर बसून चहा पितात, मेंढ्यांची पोटं टम्म झालेली असतात. आणि मग एका दुपारी डोंगराचा माथा दिसेनासा होतो. वारा उत्तरेला वळतो. हवेला एक वास येतो, थंड लोखंडाचा. नळाखालची बादली हिवाळ्यात पहाटे हाताला लागते तेव्हा जसा येतो तसा. तो वास परवा आला आणि मला इशबेलचा मार्च आठवला.

इशबेल एक्क्याऐंशी वर्षांची होती. दरीच्या वरच्या टोकाला, रस्ता संपतो तिथलं शेवटचं घर तिचं. नवरा मेंढपाळ, तो जाऊन तेवीस वर्षं झालेली. मूल नाही. अर्ध्या मैलावर पुतण्या कॅलम, त्याच्याकडे चारशे मेंढ्या आणि एक ट्रॅक्टर. इशबेलला कॅन्सर होता आणि तो आता सगळीकडे पसरला होता. डॉक्टरांनी आठवडा-दोन आठवडे सांगितले होते. तिची मागणी एकच होती: याच घरात, याच पलंगावर, दुखल्याशिवाय जायचं.

“हॉस्पिटल चांगलं आहे,” ती म्हणायची, “पण त्याच्या खिडकीतून कार पार्क दिसतो. मी साठ वर्षं हा डोंगर बघतेय. शेवटी काय गाड्या मोजत मरू?”

दुखल्याशिवाय, हे माझ्या हातात होतं. तिच्या उशाशी एक छोटं यंत्र असायचं, सिरिंज ड्रायव्हर. त्यात मॉर्फिनची सिरिंज बसवायची. यंत्र चोवीस तास थेंबाथेंबानं ते औषध कातडीखालच्या बारीक सुईतून आत सोडत राहतं. चोवीस तासांनी सिरिंज संपते. नवी भरून बसवली नाही तर तासा-दोन तासांत दुखणं परत येतं, आणि तिचं दुखणं मी एकदा पाहिलं होतं. म्हणून रोज दुपारी बाराला मी तिच्या घरी असायचे. त्यात सुट्टी नव्हती.

आणि अशात रेड वॉर्निंग आली. तीन-चार दिवसांचं वादळ. इथे डोंगरी रस्त्यांना रेल्वे फाटकासारखी फाटकं असतात, स्नो गेट म्हणतात. ती दुपारी दोनला बंद होणार होती. मग दरीत कुणी येणार नाही, कुणी जाणार नाही.

सकाळी आमच्या मॅनेजरचा फोन. पेशंटला लगेच हॉस्पिटलला हलवू, ॲम्ब्युलन्स अकराला निघतेय.

“तिला जायचं नाहीये,” मी म्हटलं.

“व्हायशाली, तिला इच्छा विचारण्याची वेळ गेली. तुला रोज तिथे पोचता येणार नाही.”

“रोज पोचायचं कशाला? मी आता जाते आणि तिथेच राहते.”

पलीकडे कागदांचा आवाज. बाई वाईट नव्हती, पण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक फॉर्म होता आणि या गोष्टीला नव्हता. शेवटी म्हणाली, “मी तुला जा म्हणू शकत नाही. जाऊ नको, असंही मी म्हटलेलं नाही.” मला एवढं पुरेसं होतं.

अडचण वेगळीच होती. बार्शीहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. वय चौऱ्याहत्तर, इंग्रजी शून्य. जन्मभर शिलाई मशीनवर बसून तिनं गल्लीतल्या तीन पिढ्यांचे ब्लाऊज शिवले आणि त्यावर माझं नर्सिंग झालं. तिला चार दिवस वादळात एकटी कशी ठेवू? मी सांगायला सुरुवात केली तोवर ती स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाचा डबा पिशवीत भरत होती.

“आई, तिथे आजारी बाई आहे. मरायला टेकलीय.”

“म्हणूनच येते. मरणाच्या घरी चूल कोण पेटवणार, तू? तुला चहासुद्धा धड येत नाही.” शेंगदाण्याच्या चटणीची बरणी पदरात पुसून तिनं पिशवीत ठेवली. “चल. फाटक बंद करतील.”

पावणेबाराला आम्ही वर पोचलो. इशबेलनं आईकडे पाहिलं. आईनं पातळावर माझा जाड पार्का चढवला होता आणि पायात इथल्या लोकांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, वेलीज. आईनं छातीवर हात ठेवून सांगितलं, “सुमन.” इशबेलनंही तसाच हात ठेवून आपलं नाव सांगितलं. मग आई सरळ शेगडीकडे गेली आणि राख काढायला बसली. दोघींची ओळख तिथेच झाली.

वादळ मी आधी पाहिलं नव्हतं असं नाही. पण आधी मी खाली गावात असायचे, तिथे वारा घरांना वळसा घालून जातो. वर तसं नाही. वर वारा घरावर थेट येतो. पहिल्या संध्याकाळी वीज गेली. फोन गेला. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता, आणि खिडकीच्या काचेवर रवा फेकल्यासारखा आवाज होत होता. छपराच्या पत्र्याला कुठेतरी फट होती, ती एकच सूर धरून बसली होती. सिरिंज ड्रायव्हर बॅटरीवर चालतो आणि मी चार बॅटऱ्या आणल्या होत्या, हे मी मनात परत परत म्हणत राहिले.

“घाबरलीस?” इशबेलनं विचारलं.

“नाही,” मी खोटं बोलले.

“मी याहून मोठी वादळं पाहिलीत. त्यातल्या एकाशी तर चाळीस वर्षं संसार केला.”

आईला अर्थ सांगितला. ती तोंडावर पदर धरून हसली. म्हणाली, “तिला सांग, माझंही वादळच होतं. फक्त आवाज करायचं नाही.”

बाबा तसेच होते. मुके आणि ठाम. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर वर्षभर बोलले नाहीत, आणि जाताना एसटीच्या टपावर माझी ट्रंक स्वतः चढवली. आता सुधीरदादा मला हट्टी म्हणतो तेव्हा वाटतं, हट्ट आमच्यात पाचवीलाच पुजलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार आत ओढून उघडलं तर समोर बर्फाची भिंत. तिच्यावर दाराचा ठसा उमटलेला, चौकटी, कडी, पत्रं टाकायची फट, सगळं जसंच्या तसं पांढऱ्यात. मी पाहतच राहिले. आई म्हणाली, “बघत काय बसलीस? फावडं कुठाय?”

तासभर खपून मी दारापुढची फरशी मोकळी केली आणि लाकडांच्या शेडपर्यंत एक चिंचोळी वाट काढली. वारा जरा थांबला होता. घामानं माझी पाठ ओली होती आणि बोटं बधिर होती, दोन्ही एकाच वेळी. मी आत येऊन इशबेलचं अंग पुसायला घेतलं. कुशीवर वळवलं, पाठीला क्रीम लावलं, चादर बदलली. या सगळ्यात आई काय करतेय तिकडे माझं लक्ष नव्हतं.

आई सडा घालत होती.

साठ वर्षांची सवय. सकाळी अंगण झाडलं की तांब्याभर पाणी शिंपायचं, उंबऱ्यावर दोन हात पाणी मारायचं. बार्शीत मार्चच्या उन्हात धूळ खाली बसते, मातीला वास सुटतो. इथे तिनं शेगडीवरच्या किटलीतलं कोमट पाणी भांड्यात घेतलं आणि मी मोकळ्या केलेल्या फरशीवर निगुतीनं शिंपलं. घरात आजारी माणूस, उंबरा पारोसा कसा ठेवायचा? पाच मिनिटांत त्याची काच झाली. साडेअकराला मी लाकडं आणायला बाहेर पाऊल टाकलं आणि दोन्ही पाय हवेत.

पडताना उजवा हात टेकला. मनगटातून जे काही गेलं ते कानातसुद्धा ऐकू आलं. नंतर एक्स-रेमध्ये बारीक चीर निघाली. तेव्हा एवढंच कळलं की बोटं मिटत नाहीत.

आई दारात उभी. भांडं हातातच. तिला काय झालं ते कळलं आणि चेहरा राखेसारखा झाला. मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. आईला जन्मात कधी तसं बोलले नव्हते. तिनं मला उठवलं, आत आणलं, पदराची किनार टरकन फाडून मनगट आवळून बांधलं.

बाराला दहा कमी होती. ड्रायव्हर पिप पिप करायला लागला. सिरिंज संपत आल्याची खूण. औषधाच्या काचेच्या छोट्या कुप्या, अँप्युल, त्यांची मान मोडायची, सिरिंजमध्ये ओढायचं, थेंब इकडचा तिकडे होता कामा नये. माझा डावा हात कधी चमचाही नीट धरत नाही. बाजूच्या खोलीत इशबेल कूस बदलायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या घशातून तो आवाज आला होता, अगदी बारीक, जो मला ओळखू येतो. मॅनेजर बरोबर होती, असं मला वाटलं. मी हिला हट्टानं इथे ठेवून घेतलं आणि आता हिच्याच उंबऱ्यावर पडून हिला तळमळायला लावतेय.

“मला सांग काय करायचं,” आई म्हणाली.

“तुला नाही जमणार.”

“चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलाय. सांग.”

मी सांगितलं. तिनं हात धुतले, मी परत धुवायला लावले, परत धुतले. अँप्युलच्या मानेवर ठिपका असतो, तो आपल्याकडे, कापडात धरायचं, मागे मोडायचं. टक्. स्वच्छ मोडली. तिनं कुपी तिरकी धरली, मी डाव्या हातानं सुई आत घातली आणि दट्ट्या ओढला. सिरिंजवरच्या रेघा मी मोठ्यानं वाचत होते. एक कुपी, दुसरी, तिसरी.

“माझा हात कापतोय का?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग तुझा का कापतोय?”

बारा वाजून चार मिनिटांनी यंत्राचा हिरवा दिवा लागला. अर्ध्या तासानं इशबेलच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आई माझ्या शेजारी बसली नाही. ती बाहेर गेली, शेगडीतली राख फरशीवर पसरली आणि लाकडं घेऊन आली.

संध्याकाळी इशबेलनं विचारलं, तुझी आई बर्फावर पाणी का घालत होती? मला वाटलं रागावेल. मी सडा समजावला, रांगोळीही समजावली. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली की तिची आजी रोज सकाळी दगडी उंबरा धुवायची आणि पांढऱ्या मातीच्या खड्यानं त्याच्या कडेला नक्षी काढायची. चुलीपुढच्या फरशीवरही. एकाच रेघेची, वळणावळणाची. रेघ कुठे तुटता कामा नये, तुटली तर तिथून वाईट आत शिरतं. “माझ्या आईनं ते बंद केलं. मला शिकवलंच नाही कुणी,” ती म्हणाली, “पण बघितलंय मी.”

मग पलंगावरून ती बोट हवेत फिरवत होती आणि आई शेगडीपुढच्या काळ्या फरशीवर चिमटीतून मैदा सोडत होती. मी मध्ये दुभाषी. पण दहा मिनिटांत त्यांनी मला बाद केलं. इशबेलचं बोट वळलं की आईची चिमूट वळायची. एका कोपऱ्यात रेघ तुटली तेव्हा दोघीही एकदमच चुकचुकल्या.

तिसरा दिवस मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. इथल्या लोखंडी तव्यावर भाकरी फुगली तो क्षण. तिचा वास घराभर गेला आणि चार दिवस काही न खाल्लेल्या इशबेलनं नाक वर केलं. आईनं भाकरीचा पापुद्रा दुधात भिजवून तिच्या ओठाला लावला, तिनं तो चाटला आणि म्हणाली की लहानपणी बार्लीची अशीच हातावर थापलेली भाकरी असायची. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, “आत्ता आपल्या गच्चीवर कुरडया वाळत असतील.” बाहेर गच्ची नव्हती, आकाशही नव्हतं, कुंपणसुद्धा गेलं होतं. दुपारी कॅलम कमरेएवढ्या बर्फातून आला, भुवयांवर बर्फ, हातात लांब काठी. दगडी भिंतीच्या आडोशाला बसलेल्या मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या होत्या, तो आणि त्याचा कुत्रा त्या शोधून काढत होते. बर्फाला एक लहान पिवळट भोक दिसलं की खाली श्वास घेणारं जनावर असतं, असं त्यानं सांगितलं. अकरा जिवंत काढल्या होत्या.

“या मेंढ्या वेळीच खाली का नाही आणल्या?” मी विचारलं.

“आणल्या होत्या. परत गेल्या. आपापला डोंगर सोडत नाहीत. आईकडून शिकतात.”

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “शहाणी आहेत मेंढरं.” आणि त्याच्यापुढे चटणी-भाकरी ठेवली. गडी चार भाकऱ्या खाऊन गेला. जाण्याआधी काकूच्या पलंगाशी गुडघे टेकून बसला. दोघं हळू आवाजात काही बोलले, मी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला. इतकी शांतता की कान दुखले. आणि अकराच्या सुमाराला पट्ट्यांवर चालणारी बचाव पथकाची गाडी घरघरत आली. त्यातून दोघं तरुण पॅरामेडिक उतरले, सभ्य, थकलेले. पेशंटला न्यायचे आदेश होते.

त्यातल्या एकानं नियमाप्रमाणे इशबेलला प्रश्न विचारले. भान आहे की नाही हे ठरवायचं असतं. आज कोणता वार आहे?

“मला माहीत नाही,” इशबेल म्हणाली. “चार दिवस असे गेल्यावर तुला तरी माहीत आहे का?”

त्यानं हातातल्या कागदावर पाहिलं. त्याला खरंच बघावं लागलं.

“इशबेल, तुला हॉस्पिटलला यायचंय का?”

“नाही.” आवाज फुंकर मारल्यासारखा होता, पण शब्द पुरता होता.

तो माझ्याकडे वळला, माझ्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. नर्सच जखमी, घरात वीज नाही, मी मागच्या तीन दिवसांचं कसं समजावणार होते? तेवढ्यात आईनं मला विचारलं, “काय म्हणतायत?”

“न्यायला आलेत तिला.”

आईनं स्टूल उचललं, खोलीच्या दारात मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली. पदर खोचला. “त्यांना सांग, चहा झालाय. पिऊन जा म्हणावं.”

मी तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चहा घेतला. आलं जास्त झालं होतं, एकाला ठसका लागला. मग त्यांनी फॉर्मवर इशबेलची सही घेतली, पुरेल एवढं औषध मला दिलं, दुसऱ्या दिवसापासून एक जादा नर्स कबूल केली आणि गेले. आईनं उठून स्टूल परत जागेवर ठेवलं. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. हिच्यावर मी ओरडले होते.

सहाव्या दिवशी सकाळी इशबेल गेली. ऊन होतं. डोंगर खिडकीच्या चौकटीत पूर्ण दिसत होता. दुखलं नाही. मी शपथेवर सांगते, दुखलं नाही.

आठवड्यानं दफन होतं. जमीन इतकी गोठलेली की कॅलमला यंत्र लावून खणावं लागलं. आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला, टोपी हातात, आणि आईसमोर एक पांढरं कार्ड धरलं. इथली रीत अशी: शवपेटी कबरीत उतरवायला तिला आठ दोर असतात. कुणी कोणता दोर धरायचा ते आधी ठरवतात आणि कार्डावर आकडा घालून देतात. एक नंबरचा दोर उशाचा. तो सगळ्यात जवळच्या माणसाचा. कार्डावर एकचा आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, सुमन.

“काकूनं स्वतः सांगितलं,” कॅलम म्हणाला. “मला नंबर दोन.”

मी आईला अर्थ सांगितला. तिनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. “मी कशी धरू?”

त्याच संध्याकाळी सुधीरदादाचा फोन. मी उत्साहात सगळं सांगून टाकलं, चूकच केली. “आत्याला दे फोन,” तो म्हणाला. स्पीकरवर होता. “आत्या, असलं काही करू नकोस. आपल्यात बायका मसणात जात नाहीत. लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक रे?” आईनं विचारलं.

“आपले.”

आईनं फोन ठेवला. कार्ड परत हातात घेतलं. मग मला म्हणाली, “तुझ्या बाबांच्या वेळी मी दाराशी उभी होते. पुरुष घेऊन निघाले. मी कोपऱ्यापर्यंत तरी जाते म्हटलं, तर तुझ्या मामानं हात धरून मागं आणलं. त्रेचाळीस वर्षं संसार केला आणि कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. आत बायकांनी मला घोंगडीवर बसवलं. मला सारखं वाटत होतं, तिकडे ह्यांना कुणी नीट ठेवलं असेल का.”

मी तेव्हा इथे होते. माझं विमान दोन दिवसांनी पोचलं. बारा वर्षांत आई मला हे बोलली नव्हती आणि मी विचारलंही नव्हतं. नर्स म्हणून मी किती घरांत विचारते, तुम्हाला काही बोलायचंय का. स्वतःच्या आईला नाही.

सकाळी ती न्हाऊन तयार होती. ठेवणीतलं हिरवं पातळ, त्यावर पार्का, पायात वेलीज. कार्ड हातात.

दफनभूमी ओढ्याकाठी, उघड्यावर. अजून ढोपरभर बर्फ. दरीतली झाडून सगळी माणसं आली होती, काळ्या कोटांत. सात पुरुषांनी सात दोर घेतले, कॅलम आईच्या शेजारी. त्यानं एक नंबरचा दोर तिच्या हातात दिला आणि कसा सोडत जायचा ते हातानं दाखवलं. तिनं मान हलवली. मी मागे उभी होते, प्लास्टरमधला हात कोटात धरून.

पेटी सरळ गेली, कुठे न टेकता, न झुकता. उशाकडची बाजू तर शेवटपर्यंत पायथ्याच्या बाजूच्या बरोबरीनं उतरली. तळाशी टेकली तेव्हा मऊ आवाज आला. इथल्या रीतीप्रमाणे मग दोर आत सोडून द्यायचे. एक-एक करून सात दोर खाली पडले.

आईचा पडला नाही.

मी पुढे झाले. “आई, सोड आता. झालं.”

तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. सगळी दरी उभी होती, वाट बघत. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

“थांबू दे जरा सगळ्यांना,” ती म्हणाली. “ह्यांचा राहिला होता.”